जुनी लेन्स आणि बर्फाळ किनारा: या चुका टाळा

फेब्रुवारीत नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर जाऊन आलेले लोक मला फोटो दाखवतात आणि विचारतात, "हेलिओस खराब निघाली का?" हेलिओस म्हणजे हाताने फोकस करायची जुनी सोव्हिएत लेन्स. लेन्स चांगली असते. तिला वेळ दिलेला नसतो.

सगळ्यात मोठी नासाडी होते ती गारठलेली लेन्स तडक उबदार खोलीत उघडल्याने. मीही हे केलंय. लोफोटेनमधल्या उत्ताक्लेइवच्या किनाऱ्यावर दोन तास काढून मी खोलीवर आलो. हीटर चालू होता. हेलिओस ४४-२ टेबलावर ठेवली आणि बघता बघता काच पांढरी झाली. वरून पुसली, पण दमट हवा आत शिरून भिंगांवरही धुकं धरलं होतं. इतक्यात आकाशात हिरवा ध्रुवीय प्रकाश पसरला. मी तशीच लेन्स घेऊन धावलो. आतली ओल थंडीत गोठली आणि त्या रात्रीच्या एकाही फोटोत धड तारा दिसत नाही. त्याची हळहळ अजून वाटते.

आता मी बाहेरच मेमरी कार्ड काढून खिशात टाकतो, कॅमेरा लेन्ससकट झिपच्या पिशवीत बंद करतो आणि खोलीत आल्यावर दोन तास पिशवीला हात लावत नाही. कार्ड हातात असलं की फोटो बघायच्या घाईत पिशवी उघडली जात नाही. हेअर ड्रायर तर अजिबात नको. जुनं ग्रीस पातळ होऊन त्याचं तेल अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या पात्यांवर उतरतं.

दुसरी चूक म्हणजे फोकसची रिंग शेवटपर्यंत फिरवून डोंगर टिपणं. हेलिओस ज्या आट्यांनी बसते त्या एम४२ माउंटपासून कॅमेऱ्याच्या सेन्सरचं अंतर ४५.४६ मिमी हवं. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवायच्या कड्या, म्हणजे स्वस्त अडॅप्टर, बहुतेक किंचित पातळ असतात, त्यामुळे अनंताचा (खूप लांबच्या वस्तूंचा) फोकस टोकाच्या आधीच येतो. स्क्रीनवर लांबची कड मोठी करून बघा, त्याला दहा सेकंद लागतात. तेवढा धीर नसेल तर ऑटोफोकसची लेन्स घ्यावी, हे माझं स्पष्ट मत आहे. थंडीत ग्रीस घट्ट होऊन रिंग जड झाली, तर जोर न लावता सावकाश मागेपुढे फिरवा.

बर्फ राखाडी येत असेल तर एक स्टॉप एक्स्पोजर वाढवा, म्हणजे प्रकाश दुप्पट घ्या. कॅमेऱ्यात हादरे सावरणारं स्टॅबिलायझेशन असेल, तर त्याच्या मेनूत लेन्सची फोकल लेंग्थ ५८ मिमी हाताने भरा. तिकडचा हिवाळी सूर्य क्षितिजालगत असतो आणि काचेवरच्या जुन्या कोटिंगला तो झेपत नाही, म्हणून लेन्सच्या तोंडावर ४९ मिमीचा रबरी हूड (उन्हाचा आडोसा) लावाच.

समुद्राचे तुषार कोरड्या कापडाने पुसू नका, मिठाचे कण काचेवर घासतात. आधी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेलं कापड हलकेच टेकवा.

मुंबई-कोकणात परतल्यावर लेन्स चामड्याच्या जुन्या डबीत ठेवू नका. पावसाळ्यात तिथेच बुरशीची जाळी धरते. सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा घ्या आणि जेलचा रंग बदलला की ते लगेच बदला.