कोणता विषय कशाला लागतो, हे पाण्याच्या पाटावर शिकवा

‘मराठी मोठी की गणित?’ असा वादविवाद नववीच्या वर्गात ठेवला की मुलं पाठ केलेली भाषणं ठोकतात. त्यापेक्षा त्यांना धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीकाठच्या एखाद्या फड बंधाऱ्यावर, म्हणजे नदीचं पाणी अडवून पाटाने शेतांना देणाऱ्या जुन्या बंधाऱ्यावर, न्या आणि एकच प्रश्न द्या: हा विषय काढून टाकला, तर इथलं कोणतं काम अडेल?

दिवाळीनंतर जा. पाटाला पाणी सुरू आहे ना, ते आधी विचारून घ्या. बरेच जुने पाट आता कोरडेच असतात. पाणी गुडघ्याखालीच हवं.

आधी पाणी मोजा. 10 मीटरचा सरळ, गवत नसलेला तुकडा निवडा. रुंदी घ्या, खोली तीन-चार ठिकाणी मोजून सरासरी काढा. तुकड्याच्या दोन मीटर आधी लिंबू सोडा, म्हणजे खुणेपर्यंत ते प्रवाहाचा वेग पकडेल. थर्माकोल नको, वारा त्याला पळवतो. लिंबू बरंचसं बुडून वाहतं. पाच वेळा सोडा, कडेला अडकलं तर ती फेरी धरू नका.

समजा रुंदी 1 मीटर, खोली 0.3 मीटर, लिंबाला 10 मीटर जायला लागलेला सरासरी वेळ 25 सेकंद. वेग आला सेकंदाला 0.4 मीटर. पण वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात धावतं, म्हणून 0.85 ने गुणायचं. उत्तर: सेकंदाला सुमारे 102 लिटर. हा गुणाकार हमखास राहतो आणि पाणी 120 लिटर दिसतं.

आता विचारा, हे पाणी आधी कुणाला? इथे गणित गप्प बसतं. फड पद्धतीत भिजणाऱ्या जमिनीचे साधारण चार फड पाडतात, एका फडात एकच पीक. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी. पाणी तुटलं की एखादा फड कोरडा ठेवतात आणि तोटा सगळ्यांच्या वाट्याला येतो. नागरिकशास्त्र नि अर्थशास्त्र दोन्ही यात आले, तेही पुस्तकापेक्षा चोख.

पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याशी अहिराणीतच, म्हणजे तिथल्या बोलीतच, बोलू द्या आणि उत्तरं अहिराणीतच लिहून घ्या. मुलं जागच्या जागी प्रमाण मराठी करू लागली की कामाचे नेमके शब्द गळतात.

शाळेत परतल्यावर प्रत्येक विषयापुढे अडणारं काम आणि ज्याचं अडेल तो माणूस लिहायला सांगा. ‘विज्ञानामुळे प्रगती होते’ छाप वाक्य परत करा. एखाद्या विषयाचा रकाना रिकामा राहिला तर राहू द्या, ओढूनताणून भरून घेऊ नका.