सत्याचा यम रोज कसा पाळावा: एक वही, तीन रकाने

पतंजलींच्या योगसूत्रांच्या दुसऱ्या भागात, साधनपादात, 30 व्या सूत्रात पाच यम (वागण्यावर घालून घ्यायची बंधनं) येतात: अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणं), ब्रह्मचर्य, अपरिग्रह (गरजेपेक्षा जास्त न साठवणं). 32 व्यात पाच नियम (स्वतःला लावायची शिस्त). दहाही एकदम धरले की आठवड्यात सगळेच सुटतात. सुरुवात सत्यापासून करा. मनातला राग निसटून जातो, पण बोललेलं वाक्य रात्रीपर्यंत आठवतं.

शंभर पानी वही घ्या. झोपण्याआधी दहा मिनिटं पुरतात. 34 वं सूत्र यमभंगाची मापं देतं, तेच रकाने आखा. पहिला: कृत (स्वतः केलं), कारित (दुसऱ्याकडून करवलं) की अनुमोदित (दुसऱ्यानं केलं, आपण मान डोलावली). दुसरा: लोभ, क्रोध की मोह. तिसरा: मृदू, मध्य की अधिमात्र, म्हणजे किती तीव्र. व्यासभाष्य, म्हणजे योगसूत्रांवरची जुनी टीका, याचे 27 प्रकार मोजतं.

समजा, जेवताना फोन वाजला आणि तुम्ही मुलाला म्हणालात, "बाबा अंघोळीला गेलेत म्हणून सांग." खोटं मुलाच्या तोंडून गेलं, पण नोंद तुमच्या वहीत: कारित. फोन उसने पैसे मागणाऱ्याचा असेल तर लोभ. "शांतपणे जेवायला नको का, त्यात काय चुकलं?" असं वाटत असेल तर मोह. चुकीचं तेच योग्य वाटणं, हा मोह सर्वात उशिरा ओळखू येतो. शहानिशा न करता व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवेला अंगठा दिलात, तर अनुमोदित.

ऐन वेळी काय करायचं ते 33 व्या सूत्रात आहे: प्रतिपक्षभावन. काहीतरी छान आठवणं असा याचा अर्थ बरेच जण घेतात, आणि तिथेच साधना फसते. या खोट्यातून पुढे कोणतं दुःख आणि कोणतं अज्ञान वाढणार, ते डोळ्यांसमोर आणायचं असतं. एक श्वास थांबा. हे बोललो तर उद्या काय काय लक्षात ठेवावं लागेल? मुलगा काय शिकेल? मग खरं, छोटं वाक्य: "बाबा जेवतायत, नऊला फोन करतील." नऊला फोन केला नाहीत, तर तीही नोंद.

मित्राचं दुकान बुडालं असताना "मी आधीच सांगितलं होतं" हे वाक्य खरं असलं तरी सत्याच्या खात्यात जमा होत नाही. सर्वांचं हित पारखून बोलावं, असं भाष्य सांगतं. ही नोंद अहिंसेखाली करा.

सवलतींकडेही लक्ष ठेवा. "धंद्यात एवढं चालतंच" हे फक्त मासेच मारणाऱ्या कोळ्याच्या अहिंसेसारखं झालं. हा दाखला भाष्यातलाच. 31 वं सूत्र जात, स्थळ, काळ, प्रसंग यांतली कुठलीच सूट मानत नाही. अशी सूट घेतलीत तर ती वहीच्या शेवटच्या पानावर लिहा.

चार आठवड्यांनी दुसरा रकाना मोजा. क्रोध जास्त निघाला तर पुढचा यम अहिंसा, लोभ निघाला तर अपरिग्रह. मोह निघाला तर सत्यच आणखी चार आठवडे.