मार्चमध्ये अमेरिकेत बास पकडायला जाताय? मग आधी हे बघा

मार्च-एप्रिलमध्ये मुलाकडे, बहिणीकडे नाहीतर ऑफिसच्या कामाने अमेरिकेला जाणारे आणि जाता जाता "एकदा बास (तिथला गोड्या पाण्यातला शिकारी मासा) फिशिंग करून यायचंच" असं ठरवलेले बरेच जण मुंबईच्या फिशिंगवाल्यांत असतात, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, ल्युअर, म्हणजे खोटी आमिषं, कुठले घेऊ. ल्युअर नंतर बघू, माझ्या यादीत ते बरेच खाली येतात. त्या दिवसांत मिसूरी, ओक्लाहोमा, टेनेसी ह्या पट्ट्यातल्या बऱ्याच तलावांचं पाणी गारही असतं आणि गढूळही, आणि दोन्ही एकत्र आलं की मासा आमिषामागे धावत येत नाही, आमिष त्याच्या तोंडापुढे नेऊन तिथेच रेंगाळत ठेवावं लागतं. म्हणजे तयारी करायची ती हळू फिशिंगची, आणि आपल्यासारख्या घामाची सवय असलेल्या माणसाला गारठ्यात चार-पाच तास हळू राहता येईल ह्याची. बाकी सगळं ह्या दोन गोष्टींवरून ठरतं.

पहिली वस्तू थर्मामीटर. पाण्यात बुडवता येणारा कुठलाही साधा डिजिटल चालेल, दोरी बांधून ठेवा म्हणजे हातातून सुटणार नाही. तिथे सगळे फॅरनहाइटमध्ये बोलतात त्यामुळे चार आकडे पाठच करून टाका, 45 म्हणजे आपले 7, 50 म्हणजे 10, 55 म्हणजे जवळपास 13 आणि 60 म्हणजे साडेपंधरा. 45 च्या खाली बास अगदी ढिम्म असतो, 50 च्या आसपास खोल पाण्यातून काठाकडे सरकायला लागतो, 55 ला बऱ्यापैकी खायला लागतो आणि 60 ते 65 मध्ये नर उथळ पाण्यात घरटं करतो, मग अंडी. आपल्याला हवाय तो त्याच्या आधीचा काळ, कारण मादी तेव्हा अंड्यांनी भरलेली, वजनदार आणि भुकेली असते. कल्पना यावी म्हणून सांगतो, मुंबईत सांताक्रूझला आजवरचं सगळ्यात कमी तापमान 7.4 अंश नोंदलं गेलंय, जानेवारी 1962 मध्ये. त्या दिवशी हवा जेवढी गार होती तेवढं तिथे पाणी असणार आहे आणि त्यातून आलेली ओली लाइन तुमच्या बोटांत असणार आहे.

थर्मामीटर एकदाच बुडवून उपयोग नाही, चार ठिकाणी बुडवा. तलावाच्या एका कोपऱ्यात 48 आणि दुसऱ्यात 52 हा फरक त्या सीझनमध्ये सगळं ठरवतो. सूर्य तिथे दक्षिणेकडून तिरका येतो म्हणून उत्तरेकडच्या काठाला ऊन जास्त वेळ मिळतं आणि उत्तरेच्या बोचऱ्या वाऱ्यापासून आडोसाही मिळतो, त्यामुळे निघायच्या आदल्या रात्री मॅप उघडून उत्तर आणि वायव्य बाजूच्या उथळ खाड्या, म्हणजे काठात आत शिरलेलं तलावाचंच पाणी, शोधून ठेवायच्या, तिथला धरणाचा किंवा पुलाखालचा दगडी बांध शोधून ठेवायचा, कारण दगड दिवसभर तापतो आणि बाजूचं पाणी थोडं गरम ठेवतो. गढूळपणाचा इथे उलट फायदा होतो, पाण्यातली माती ऊन शोषून घेते आणि वरचा थर स्वच्छ पाण्यापेक्षा लवकर तापतो. शिवाय गढूळ पाण्यात प्रकाश खोल जात नाही म्हणून बासही उथळ येतो, दोन ते पाच फुटांत, कधीकधी काठाला चिकटूनच. आपल्याकडची पहाटे साडेचारचा अलार्म लावायची सवय तेवढी मोडावी लागेल. रात्रभर गार झालेलं पाणी सकाळी सगळ्यात वाईट असतं, दुपारी एक ते संध्याकाळ हा वेळ उत्तम, आरामात पोहे खाऊन निघा.

आता गढूळ गढूळमध्ये फरक असतो हे नीट समजून घ्या, कारण माझ्या मते लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. ओक्लाहोमातला ग्रँड लेक किंवा मिसूरीतला ट्रुमन लेक घ्या, नद्या अडवून केलेले मोठे तलाव, पाऊस झाला की वरच्या टोकाकडून माती येते. दोन-चार दिवस झालेत, माती थोडी बसलीय, पाणी कटिंग चहासारखं आहे, तर मस्त. पण काल रात्रीच गार पाऊस पडलाय आणि ओढ्यातून ताजं गार चिखलपाणी आत येतंय तर तिथे उभंच राहू नका, तापमान खटकन पडलेलं असतं आणि मासा तोंड उघडत नाही. उलट पाऊस कोमट हवेतला असेल तर तोच ओढा गरम पाणी आणतो आणि बास त्याच्या तोंडाशी गोळा होतात, म्हणून पाऊस पडला एवढं बघून पुरत नाही, कसला पडला ते बघा आणि परत थर्मामीटर बुडवा. किती गढूळ हे मोजायला पांढरं ल्युअर दोरीवर खाली सोडायचं आणि कुठे दिसेनासं होतं ते बघायचं. इटलीच्या अँजेलो सेक्कीने 1865 मध्ये पांढरी तबकडी समुद्रात सोडून हेच केलं होतं, शास्त्रज्ञ आजही तलावांवर तसंच करतात. फूटभर खाली दिसलं तर निश्चिंत फिशिंग करा, सहा इंचांत कठीण पण होतं, दोन-तीन इंचांत गायब झालं तर दुसरी खाडी शोधा. गढूळ आणि स्वच्छ पाणी जिथे भेटतं ती रेषा दिसली तर मात्र सोडू नका.

परवान्याचं काम घरबसल्या आधीच उरकायचं. तिथे प्रत्येक राज्याचं वेगळं लायसन्स असतं, बाहेरच्या माणसाला नॉन-रेसिडेंटचं घ्यावं लागतं, बहुतेक राज्यांत थोड्या दिवसांचंही मिळतं आणि ते राज्याच्या मासे-वन्यजीव खात्याच्या साइटवर ऑनलाइन निघतं. जावई म्हणेल "अहो कोण बघतंय", ऐकू नका, वॉर्डन, म्हणजे लायसन्स तपासणारे अधिकारी, खरंच येतात आणि दंड होतो. त्याच साइटवर किती इंचांचा मासा ठेवता येतो, दिवसाला किती, तो तलाव त्या महिन्यात उघडा आहे का हेही वाचा, उत्तरेकडच्या काही राज्यांत वसंतात बासवर बंधनं असतात. न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्सकडे जाणार असाल तर शिशाची छोटी वजनं आणि शिशाचे जिग (डोक्याशी वजन ओतलेले हुक) इथेच ठेवून जा, लून नावाचे पाणपक्षी ती गिळून मरतात म्हणून तिथे बंदी आहे.

कपड्यांवर खर्च करा, ल्युअरवर वाचवा, हे माझं ठाम मत आहे. कॉटन अजिबात नको, ओलं झालं की गार पडतं आणि वाळत नाही. आत अंगाला चिकटणारं सिंथेटिक किंवा लोकरीचं थर्मल, मध्ये फ्लीस, वर वारा अडवणारं काहीतरी, आणि ह्या वरच्या थरासाठी नवीन खरेदी करायची गरजच नाही, आपला जून-जुलैचा दोन पीसचा रेनसूट एकदम बेस्ट काम करतो, फक्त आत एवढं घालून चेन लागते का ते घरी बघून घ्या. कानटोपी घ्या, हसणारे हसू देत. हातमोजे बोटांची टोकं उघडी असलेले, आणि दोन जोड, कारण एक ओला होणारच. चहाचा थर्मास. मोज्यांचा जादा जोड झिपलॉकमध्ये.

बोटीत बसणार असाल तर लाइफ जॅकेट बसायच्या आधी घालायचं आणि उतरल्यावर काढायचं, मधल्या काळात चेन उघडायची नाही, मग तुम्ही गिरगावच्या चौपाटीवर कितीही पोहलेला असा. गार पाण्यात पडल्यावरचा तिकडे शिकवला जाणारा हिशोब 1-10-1 असा आहे, पहिलं 1 मिनिट श्वास ताब्यात आणायला, साधारण 10 मिनिटं हातपाय ऐकतात तेवढी आणि साधारण 1 तासात गारठ्याने शुद्ध जाऊ शकते. पट्टीचा पोहणाराही पहिल्याच मिनिटात दचकून पाणी गिळतो, कारण अंगाला तो धक्काच नवीन असतो. यजमानाच्या छोट्या मोटरबोटीला इंजिन बंद करणारी दोरी असेल तर बोट वेगात असताना चालवणाऱ्याने ती अंगाला लावणं 1 एप्रिल 2021 पासून तिथे कायद्याने बंधनकारक आहे, लावली नसेल तर सरळ विचारा, पाहुणे म्हणून लाजू नका.

बरं, आता ल्युअर. मोठा डबा नको, चार प्रकार पुरतात. गढूळ पाण्यात बास डोळ्यापेक्षा अंगाच्या बाजूने जाणाऱ्या संवेदनरेषेने जास्त शोधतो, पाण्यातली थरथर त्याला तिथून कळते, म्हणून जे जास्त पाणी ढकलतं ते घ्यायचं. एक स्पिनरबेट, म्हणजे तारेवर फिरतं पातं असलेलं ल्युअर, अर्धा औंस किंवा तीन अष्टमांश, आणि त्याला गोल कोलोरॅडो पातं, लांबट विलो पातं नको, ते चमकतं जास्त आणि हलवतं कमी. इतकं हळू ओढायचं की पात्याचा धक धक रॉडच्या मुठीत जाणवेल आणि त्याहून हळू केलं तर पातं फिरायचं थांबेल, तोच वेग. दुसरा काळा-निळा जिग, मागे जाडजूड रबरी शेपटी, ओंडक्याच्या बुडाशी टाकून जवळजवळ हलवायचाच नाही. तिसरा क्रँकबेट, म्हणजे माशाच्या आकाराचं कडक ल्युअर, पुढे चौकोनी ओठासारखी पट्टी असलेलं आणि उथळ चालणारं, दगडांना ठोकत आणायचा, आणि चौथा आत छर्रे असलेला खुळखुळणारा लिपलेस, म्हणजे तसाच पण ओठ नसलेला. रंग लाल-तपकिरी, कारण वसंतात तिथले क्रेफिश (गोड्या पाण्यातले छोट्या शेवंडासारखे प्राणी) बिळातून बाहेर यायला लागतात आणि बासचं ते आवडतं खाणं, नाहीतर पोपटी-पिवळा शार्ट्रूज. चंदेरी, पारदर्शक, नाजूक रंग सुटकेसमध्ये घालूच नका, त्या पाण्यात ते दिसत नाहीत. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला शोधलंत तर ह्यातलं काही मिळेल, पण खरं सांगायचं तर तिकडे पोचल्यावर घेतलेलं बरं पडतं, व्हरायटी जास्त आणि वजन वाचतं.

लाइन 15 ते 20 पाउंड ताण सोसणारी फ्लोरोकार्बन, म्हणजे एकसंध प्लास्टिकची. गढूळ पाण्यात माशाला लाइन दिसायची भीती कमी आणि लाकडात अडकायची भीती जास्त, म्हणून बारीक लाइनचा हट्ट नको. ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, आपल्याकडे मरळ आणि जिताड्याला ठीक पण ती पाणी धरून ठेवते आणि हवा शून्याखाली गेली की रॉडच्या गाइडमध्ये, म्हणजे लाइन जाते त्या कड्यांमध्ये, बर्फ धरतं. रॉड सात फुटी मीडियम हेवी, दोन किंवा तीन तुकड्यांचा. रील कमी गियर रेशोचं, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात कमी लाइन गुंडाळणारं, असेल तर आपोआप हळू ओढलं जातं, नाहीतर हाताला ब्रेक लावायला शिकवावं लागतं आणि ते मुंबईकराला जमायला वेळ लागतो, आपण जिन्यावरूनसुद्धा लोकल सुटत असल्यासारखे उतरतो.

म्हणून जायच्या आधी दोन-तीन रविवार सराव करून घ्या. तलावच पाहिजे असं नाही, पवई तलावावरच्या मासेमारीच्या असोसिएशनचे मेंबर असाल तर उत्तम, नसाल तर सोसायटीच्या कंपाउंडमध्ये बादली ठेवायची, वीस फुटांवर उभं राहायचं, हुक न लावता नुसतं वजन लावायचं आणि हात खालून झुलवत, आवाज न करता बादलीत सोडायचं. वॉचमन विचारेल, मुलं जमतील, जमू देत. बास त्या दिवसांत ओंडक्याला, बुंध्याला, धक्क्याच्या खांबाला चिकटून असतो आणि फूटभर चुकलं तरी त्याला कळत नाही, त्यामुळे ह्या बादलीचा उपयोग नव्या रॉडपेक्षा जास्त आहे. आणि चांगला ओंडका दिसला की एकदा टाकून पुढे जायचं नाही, त्याच ठिकाणी पाच-सहा बाजूंनी परत परत टाकायचं. गार रक्ताचा प्राणी, पचन मंदावलेलं, त्याला ठरवायला वेळ लागतो.

बॅग भरताना हुक, ल्युअर, कात्री, पक्कड सगळं चेक-इनमध्ये, टोकांना जाड पुठ्ठा. हेडलॅम्पच्या जादा लिथियम बॅटऱ्या मात्र केबिनमध्ये. रॉडची नळी किती लांब चालते ते एअरलाइनला आधीच विचारा. इथे वापरलेले बूट आणि जाळी साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवून न्या, चिखल लागलेला माल बघून कस्टमवाले वैतागतात आणि एका तलावातले किडे-शंख दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून तिकडचे लोकही ह्याबद्दल खूप कडक असतात. सुकट-जवळा आमिष म्हणून नेऊ नका, बासला त्याची गरज नाही आणि अख्ख्या बॅगेला वास येईल तो वेगळा.

मासा लागला की ओल्या हाताने खालचा ओठ अंगठ्याने धरायचा, बासचे दात कानशीसारखे बारीक असतात, चावत नाहीत, जिताड्याच्या कल्ल्याने जसा हात कापतो तसं काही नाही. मोठा मासा नुसत्या ओठावर आडवा लोंबकळवू नका, दुसरा हात पोटाखाली द्या, फोटो काढा, सोडा. अंड्यांनी भरलेली मादी तर नक्कीच सोडा. घरची मंडळी फोनवर कालवणाची चौकशी करतीलच, तर ठेवायचाच झाला तर मापात बसणारा लहान ठेवा आणि त्या तलावातले मासे किती खावेत ह्याबद्दल राज्याची सूचना आहे का ते बघा, मोठ्या बासमध्ये पारा साठतो म्हणून अशा सूचना बऱ्याच ठिकाणी असतात. नाहीतर इंडियन स्टोअरमध्ये फ्रोझन पापलेट मिळतंच.