वकिलाशिवाय ई-चलनाविरुद्ध न्यायालयात बाजू मांडताना

चलन चुकीचे वाटत असेल, तर सर्वप्रथम दंड भरण्याचा मोह टाळावा, कारण ही रक्कम तडजोड शुल्क, म्हणजे खटला न चालवता प्रकरण मिटवण्याचे शुल्क असते आणि ती भरली की प्रकरण तेथेच मिटते. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावरून चलनासोबतचे छायाचित्र डाउनलोड करून घ्यावे आणि वाहन क्रमांक, वाहनाचा प्रकार, रंग, वेळ व ठिकाण बारकाईने पडताळावे. अस्पष्ट क्रमांकपट्टीमुळे भलत्याच गाडीवर चलन निघू शकते. तेथेच तक्रार नोंदवावी व तिची प्रत जपून ठेवावी.

समन्स आल्यास नेमलेल्या तारखेस मूळ कागदपत्रांसह दंडाधिकाऱ्यांसमोर स्वतः हजर राहावे. स्वतःची बाजू स्वतः मांडण्याचा आरोपीला अधिकार आहे. गुन्हा कबूल आहे का, असे विचारल्यावर घाईने होकार देऊ नये, कारण त्यानंतर पुराव्याची छाननी होत नाही. ‘कबूल नाही’ म्हटल्यास आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारपक्षावर येते आणि साक्षीदाराला प्रश्न विचारता येतात. वेगमर्यादेचे प्रकरण असेल, तर २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत समाविष्ट झालेल्या नियम १६७अ नुसार वेग टिपणाऱ्या यंत्राला मान्यता प्रमाणपत्र होते का, हे अवश्य विचारावे. लोकअदालत मात्र तडजोडीसाठी असते. निर्दोष ठरायचे असेल, तर तो मार्ग उपयोगाचा नाही.