अगं, मी नाटकभर बसतो कुठे?

मी नाटकांसाठी टोप आणि मुखवटे करते. मी केलेलं पहिलं मोठं शिरोभूषण म्हणजे एका पक्षिराजाचा टोप. पुढे वीतभर चोच, मागे पिसारा, मधे सोनेरी पट्टा. आरशासमोर बसून मी तो स्वतःच्या डोक्यावर दहा वेळा घालून पाहिला होता आणि दहाही वेळा तो झकास बसला होता. रंगीत तालमीत तिसऱ्या प्रवेशात नट राणीपुढे वाकला आणि टोप थेट त्याच्या नाकावर उतरला. एका हातात तलवार, दुसऱ्या हाताने टोप सावरलेला, अशा अवतारात त्याने उरलेला संवाद चोचीच्या आतून म्हटला. नंतर मला म्हणाला, "तू हा बसून घालून पाहिलास ना? अगं, मी नाटकभर बसतो कुठे?"

टोप काही फार जड नव्हता, पण जे वजन होतं ते सगळं कपाळाच्या पुढे होतं. त्या रात्री मी चोच आतून पोखरली आणि टोपाच्या आत डोक्याला घट्ट बसणारी कापडी टोपी शिवली. डोक्याच्या मागे, मानेच्या जरा वर जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो, त्याच्या खालून जाणारी पट्टीही लावली. त्या उंचवट्याचा आधार मिळाला की टोप पुढे सरकत नाही. हनुवटीखालचा पट्टाही हवाच, पण सगळा भार त्याच्यावर टाकला तर नटाला जबडा उघडता येत नाही.

या कामात नव्याने येणाऱ्यांना मी आधी चित्र काढू देत नाही, संहिता वाचायला लावते. पात्र कुठे वाकतं, कुठे धावतं, कुणाला मिठी मारतं, विंगेत किती अंधारात किती सेकंदांत टोप बदलायचा आहे, नेपथ्यातल्या दाराची उंची किती, हे वहीत लिहायचं. मग माप. डोक्याचा घेर विग घालून घ्यायचा. मोकळ्या डोक्याच्या मापावर केलेला मुकुट विगवर चढत नाही, हे प्रत्येकजण एकदा तरी स्वतःच्या चुकीने शिकतो. त्यानंतर पुठ्ठ्याचा ओबडधोबड नमुना करून तो तालमीला द्यायचा. नटाला सवय होते आणि आपल्या चुका स्वस्तात कळतात.

मुखवट्यासाठी नटाच्या चेहऱ्याचा साचा घेता आला तर उत्तम. भुवया, पापण्या आणि केसांची कड यांना भरपूर व्हॅसलीन लावायचं. आधी अल्जिनेट, म्हणजे दातांचा साचा घ्यायला वापरतात तो लगदा, त्यावर प्लास्टरच्या पट्ट्या. अल्जिनेट काही मिनिटांतच घट्ट होतं, म्हणून सगळं सामान आधीच हाताशी मांडून ठेवायचं. नाकपुड्या मोकळ्या आहेत ना, हे बघायला एक माणूस फक्त तेवढ्याच कामाला हवा. नटाशी हाताच्या खुणा ठरवून घ्यायच्या, कारण तोंड बंद असताना घाबरलेला माणूस बोलून सांगू शकत नाही. प्लास्टर घट्ट होताना तापतं. चेहऱ्यावर पातळ पट्ट्यांनी फक्त ऊब जाणवते, पण जाड गोळ्याने भाजू शकतं. त्यामुळे नुसतं प्लास्टर थेट कातडीवर कधीही ओतायचं नाही.

साच्यातून चेहऱ्याची प्रत काढून तिच्यावर मातीने मुखवटा घडवायचा. ही माझी सर्वात आवडती पायरी, आणि नवशिके नेमके इथेच फसतात. ते सुरकुत्या कोरत बसतात. दहाव्या रांगेतून सुरकुती दिसत नाही. दिसतात ते मोठे उतार: भुवईचा छज्जा, गालाचं हाड, नाकाची धार. मी कामाच्या खोलीतला दिवा विझवते आणि एकच बॅटरी वरून, मग बाजूने धरते. सावली पडली तर चेहरा जिवंत आहे, नाही तर पुन्हा माती. जपानी नो नाटकातले मुखवटे हिनोकी लाकडातून कोरतात, ते याच कारणासाठी बारकाईने बघावेत. चेहरा किंचित वर केला की मुद्रा उजळते, खाली केला की झाकोळते. लाकूड तेच असतं, फक्त त्याच्यावर पडणारी सावली बदलते.

पुढे कागदाचे थर खळीने चिकटवायचे. दोन रंगांचे कागद आलटून पालटून लावले तर कुठे थर द्यायचा राहिला ते लगेच कळतं. कागद कापायचा नाही, फाडायचा. फाटलेली कड एकमेकींत मिसळते. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत पुस्तकबांधणीपुरती ठीक आहे. ते विषारी असतं आणि मुखवट्यात नट घाम गाळत श्वास घेतो. फोम चिकटवायचं सोल्युशन वापरत असाल तर खिडकी उघडी ठेवा आणि वाफेसाठीचा फिल्टर असलेला मास्क लावा. साधा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. मी पहिली दोन वर्षं डोकेदुखीला जागरणाचं नाव देत होते.

आतली बाजू कुणी बघत नाही म्हणून ती कुणी करतही नाही. १९४७ साली इटलीत मिलानच्या पिकोलो थिएटरमध्ये दिग्दर्शक स्ट्रेलरने जुना नाटककार गोल्डोनी याचं नाटक केलं, तेव्हाचे पुठ्ठ्याचे मुखवटे इतके त्रासदायक होते की आर्लेक्कीनो या विनोदी नोकराचं काम करणाऱ्या मार्चेल्लो मोरेत्तीने मुखवटा घालण्याऐवजी तो चेहऱ्यावर रंगवला. पुढे शिल्पकार आम्लेतो सार्तोरीने चामड्याचे मुखवटे करून दिले. त्या कसलेल्या नटाने असं करणं म्हणजे नखरा नव्हता, हे ज्याने तासभर मुखवटा घातलाय त्याला कळतं. कपाळ आणि गाल अशा दोन-तीन जागी मऊ ठिगळं लावली की मुखवटा नाकाच्या हाडावर रुतत नाही आणि मधून हवाही खेळते. डोळ्यांची भोकं बुबुळांच्या जागेवर बेतायची, डिझाइनमध्ये शोभतील तिथे नाही. पूर्ण मुखवट्यात नाकपुड्या किंवा तोंडातून बघायची सोय करून मागे काळी जाळी लावता येते. पात्र बोलणारं असेल तर मी दिग्दर्शकाला अर्ध्या मुखवट्याचाच आग्रह धरते. पूर्ण मुखवट्यातला आवाज माठातून आल्यासारखा येतो.

रंगाबद्दल एवढंच: चकचकीत व्हार्निश नको, दिव्याखाली नाक आरशासारखं लकाकतं. आणि प्रकाशयोजनाकाराला आधी भेटा. माझा हिरवागार राक्षस लाल प्रकाशात काळा ठिक्कर पडला होता.

काम कसं मिळतं, हे सगळे विचारतात. मला टेबलावरच्या फोटोंनी एकही काम मिळालं नाही. जी मिळाली ती नटाने घातलेल्या, हलणाऱ्या मुखवट्याच्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओंवरून. सुरुवातीला एखाद्या जाणत्याच्या हाताखाली नुसती दुरुस्ती करा. कुठे काय तुटतं ते नव्या वस्तू करून कळत नाही. पैसे ठरवताना दुरुस्ती, दुसरी प्रत आणि साचा कुणाकडे राहणार, हे लेखी घ्या. एका संस्थेने माझेच साचे वापरून दुसऱ्याकडून मुखवटे करून घेतले, आणि कागदावर काहीच नसल्याने मला गप्प बसावं लागलं.

प्रयोगाला विंगेत माझी एक डबी असते. इलास्टिक, सुई-दोरा, सेफ्टी पिना, ग्लू गन, आतून पुसायला स्पिरिट. तो पक्षिराज झालेला नट अजून अधूनमधून माझ्या कामात असतो. नवीन टोप हातात दिला की तो आरशाकडे जात नाही. टोप डोक्यावर घालतो आणि आधी कंबरेत वाकतो.