पुण्यात बसून उपग्रहावरून मातीची ओल कशी बघायची

मावसभावाचं शेत शिरूरकडे, मी कोथरूडात. पाऊस झाला की तो खुरप्याने उकरून ओल बघतो, मी लॅपटॉपवर बघतो, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा दोघांचं जुळतं.

आधी एक पक्कं करा, हा फोटो नाहीये. मातीची ओल मोजणारा नासाचा स्मॅप उपग्रह २०१५ साली अवकाशात गेला, त्यावर रडारपण होतं पण ते त्याच वर्षी जुलैत बंद पडलं, राहिला रेडिओमीटर. तो खाली काहीच सोडत नाही, मातीतून आपसूक निघणारे मायक्रोवेव्ह तेवढे टिपतो, १.४१ गिगाहर्ट्झवर. माती ३०० केल्विनला (म्हणजे साधारण २७ अंश सेल्सिअसला) असेल तर कोरडी असताना त्याला २८५ च्या आसपास दिसते, आणि उघडी जमीन चिंब भिजली की हाच आकडा २०० च्या जवळ उतरतो. माती तेवढी गार झालेली नसते बरं का, पाण्यामुळे ती कमी उत्सर्जन करते एवढंच. आणि या फ्रिक्वेन्सीला ढग आडवे येत नाहीत, म्हणून भर जुलैतही काम चालतं.

आता करायचं काय, तर नासाच्या अर्थडेटावर फुकट अकाउंट काढा, स्मॅपचा लेव्हल ३ चा (म्हणजे नकाशावरच्या चौकोनांत मांडलेला) ९ किलोमीटरवाला एन्हान्स्ड डेटा शोधा, फाइल एचडीएफ५ नावाच्या प्रकारातली असते, पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत उघडते. आत सकाळचा आणि संध्याकाळचा असे दोन गट आहेत, सकाळी ६ चा घ्या, तेव्हा माती आणि पिकाचं तापमान जवळपास सारखं असतं त्यामुळे हिशोब सोपा जातो. -९९९९ दिसलं तर तिथे डेटाच नाही, ते सरासरीत घेऊ नका (मी घेतलंय, काय आकडे आले विचारू नका). क्वालिटी फ्लॅगचा, म्हणजे किंमत भरवशाची आहे का ते सांगणाऱ्या खुणेचा, आकडा सम असेल तरच ती किंमत धरा. ओलीचा आकडा ०.३० म्हणजे आकारमानाने मातीच्या शंभर भागात तीस भाग पाणी. उपग्रह दोन-तीन दिवसांनी परत येतो, तेव्हा रोजचा आकडा मिळेल असं समजू नका.

सगळ्यात जास्त फसगत जागेवरून होते. ९ किलोमीटर हे नुसते चौकोन झाले, अँटेनाला खरं दिसतं ते साधारण ४० किलोमीटरचं, म्हणजे स्वारगेटपासून पार तळेगावच्या पुढपर्यंत एकच ठिपका. त्यामुळे शहराचा चौकोन सोडा. मुळशी-ताम्हिणीकडे दाट झाडी, तीही सोडा. मी पहिल्यांदा भिगवण घेतलं, मे महिन्यात ओल भरपूर! दोन दिवस कोड शोधत बसलो मग लक्षात आलं की चौकोनात उजनीचं पाणी आहे, वर ऊसही आहेच. शिरूर घ्या, मेअखेर आणि जूनचा पहिला दणका झाल्यावर अशा दोन तारखा शेजारी ठेवून बघा, फरक लगेच दिसेल.

फक्त हे वरच्या ५ सेंटीमीटरचं आहे. वाफसा (पेरणीजोगी ओल) आला का हे मी अजून मावसभावालाच फोन करून विचारतो.