दुसऱ्या बोन मॅरो ट्रान्सप्लांटआधी काय काय हाताशी हवं
ट्रान्सप्लांटनंतर रक्ताचा कॅन्सर उलटला म्हटल्यावर आमच्या घरात पहिलं वाक्य आलं, 'एकदा केलंय, सगळं माहीत आहे.' भावाच्या दुसऱ्या वेळी कळलं, की मधल्या काळात शरीर बदललेलं असतं आणि आजारही.

सगळ्यात आधी पहिल्या ट्रान्सप्लांटची पूर्ण फाइल मागून घ्या. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. कंडिशनिंगची, म्हणजे ट्रान्सप्लांटआधी शरीर तयार करायला दिलेली औषधं आणि त्यांचे डोस, सर्वांगाला रेडिएशन दिलं होतं का, डोनरचा एचएलए (डोनर जुळतो का ते ज्यावरून ठरतं त्या पेशींवरच्या खुणा) रिपोर्ट, जीव्हीएचडी (डोनरच्या पेशींनी पेशंटच्या शरीरावर केलेला हल्ला) कुठे आणि किती झाला, कोणते संसर्ग झाले, हे सगळं लागतं. किमोच्या काही औषधांचा हृदयावरचा भार आयुष्यभर साठत जातो आणि रेडिएशनलाही मर्यादा असते, म्हणून जुने आकडे नसतील तर डॉक्टरांना अंदाजाने चालावं लागतं. भावाच्या एका जुन्या चार्टच्या कडेला पेन्सिलने बुरशीवरच्या औषधाचं नाव लिहिलेलं होतं. तेवढ्यावरून फुप्फुसातल्या जुन्या संसर्गाचा विषय निघाला आणि आधी छातीचा सीटी स्कॅन झाला.

मग पहिल्या ट्रान्सप्लांटनंतर आजार किती दिवसांनी उलटला ती तारीख काढून ठेवा. मधला काळ जितका मोठा, तितकी दुसऱ्या खेपेला आशा जास्त. सहा महिन्यांच्या आत उलटला असेल तर डॉक्टर जास्त सावध बोलतात, आणि ते बोलणं नीट ऐकून घ्यावं. आजार आधी आटोक्यात आणता येईल का, हेही विचारा. रेमिशनमध्ये, म्हणजे आजाराच्या खुणा दिसेनाशा झालेल्या अवस्थेत जाऊन केलेल्या ट्रान्सप्लांटचे निकाल बरे असतात.

डोनर तोच घ्यायचा की नवा, यावर घरात लवकर वाद सुरू होतात. फक्त नवा म्हणून तो चांगला ठरत नाही. पण पहिला डोनर अर्धाच जुळणारा असेल, तर कॅन्सरच्या पेशींनी न जुळणारं एचएलए टाकून दिलंय का, ही तपासणी झालीय का ते विचारा. तसं झालं असेल तर त्या डोनरच्या पेशींना शत्रू ओळखूच येत नाही, आणि डोनर बदलायला ठोस कारण मिळतं. ट्रान्सप्लांटऐवजी डोनरच्या लिम्फोसाइट्स (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) देणं किंवा कार-टी (पेशंटच्याच पांढऱ्या पेशी कॅन्सरशी लढायला बदलून परत देणं) जमेल का, हेही याच बैठकीत विचारून घ्या. मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरमध्ये स्वतःच्याच पेशी वापरल्या असतील, तर गोठवलेल्या पिशव्या शिल्लक आहेत का ते बघा.

हृदयाचा इको, फुप्फुसाची चाचणी, यकृत, किडनी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी), हिपॅटायटिस, दात या तपासण्या सेंटर सांगेलच. वारंवार रक्त चढवल्याने शरीरात लोह साठतं, म्हणून फेरिटिनचा आकडा लक्षात ठेवा. सोबत राहणाऱ्यांनी स्वतःच्या लसींबद्दल डॉक्टरांशी बोलावं आणि निदान पहिल्या 100 दिवसांच्या पाळ्या आत्ताच ठरवाव्यात. मागच्या वेळी एकटीने सगळं ओढलेलं माणूस या वेळी आधीच थकलेलं असतं, हे मी स्वतःवरून सांगते.

शेवटी, पेशंटला डॉक्टरांशी एकट्याने बोलायला अर्धा तास मिळू द्या. आपण बाहेर बसायचं. पुन्हा हे सगळं सोसायचं का, हे त्याला आपल्या चेहऱ्याकडे न बघता ठरवता आलं पाहिजे. आत भावाने काय विचारलं ते मला आजही माहीत नाही. बाहेर येऊन तो एवढंच म्हणाला, 'ताई, तारीख घेऊया.'